नकाराची पोच

२ फेब्रुवारी, रविवार

ही डायरी गेल्या सालची आहे. एका बँकेनं विहाराच्या महिला मंडळाला दोन दिल्या होत्या. एक अध्यक्षबाईंनी नेली, दुसरी कोरीच पडून होती. वार तेवढे खोडून लिहावे लागतात. वारांसाठी नवी डायरी घ्यायला मी काही कलेक्टरीणबाई नाही.

आज सम्यक बिडकीनहून जेवायला आला. बरोबर नेहमीसारखा शंतनू. दोघं एकाच कंपनीत, एकाच पाळीला, राहतात एकाच खोलीत. खोली लहान म्हणून पलंगसुद्धा एकच घेतला म्हणे. काटकसरीचं वळण पोराला माझंच लागलं.

ताटं मांडली तोच दारात एक मुलगी. खांद्याला कापडी पिशवी, हातात फाइल. ह्यांना विचारत आली. हे पोलीस ठाण्यात गोपनीयच्या टेबलावर सहायक फौजदार आहेत. गोपनीय म्हणजे जे फक्त मला सांगत नाहीत ते. मोर्चा, मिरवणूक, सभा, उपोषण, सगळ्यांचे अर्ज ह्यांच्या हातून वर जातात. खाली यायचं त्यांच्यावर बंधन नसतं.

“अर्ज ठाण्यात द्यायचा असतो,” हे म्हणाले.

“चार वेळा गेले, काका. म्हणतात, साहेबराव आल्यावर या.”

“मग मी आल्यावर यायचं.”

“तुम्ही आलात की म्हणतात, मोठे साहेब आल्यावर या.”

शंतनूला ठसका लागला. मी मुलीला बसवून वरण-बट्टी वाढली. हिमानी नाव. खाली मान घालून नीट जेवली, ताटात काही टाकलं नाही. आपल्यातली नाही, पण जात मानायला बाबासाहेबांनी कुठं सांगितलंय. सम्यकनं तर एकदाही मान वर केली नाही. लाजला असावा. माझ्या मनात एक विचार येऊन गेला.

जाताना ती म्हणाली, “शंतनू, गाडी हळू ने रे.” त्याचं नाव तिला कुणी सांगितलं कोण जाणे. आजकालच्या पोरी चौकस.

ती गेल्यावर ह्यांना विचारलं, मोर्चा कशाचा. तेविसाव्या तारखेला, क्रांती चौक ते गुलमंडी, ऐंशी माणसं. “समलिंगी, तृतीयपंथी, तसल्या लोकांचा. अभिमान यात्रा म्हणतेत.” मग मनातला तो विचार मी जिथून काढला होता तिथं परत ठेवला. खरं लिहायचं तर मला हे काही पटत नाही. ज्याचं त्यानं घरात काय ते करावं. रस्त्यावर येऊन सांगायची काय गरज.

अर्ज मात्र ह्यांनी ठेवून घेतला. आवक नंबर उद्या टाकतो म्हणाले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हिमानीचा अर्ज वर गेला आणि वरून सूचना घेऊन आला. महापालिकेच्या झोन ऑफिसची ना हरकत आणा. झोन ऑफिस म्हणालं, आधी पोलिसांची आणा. वाहतूकवाले म्हणाले, दोघांची आणा, मग बघू. शिवाय अग्निशमनचीही पाहिजे. ऐंशी माणसं पायी चालताना पेट घेतात की काय, ते मला मॅट्रिकपर्यंत कुणी शिकवलं नाही.

मंडळाच्या बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीचा अर्ज दरसाल मीच नेते. दोन प्रती, दुसरीवर शिक्का, तारीख, सही. त्याला पोच म्हणतात. पोच हातात असली की माणूस निम्मी लढाई जिंकतो. त्या पोरीला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी काल भाजी आणताना तिला सांगितलं, रस्त्यात भेटली म्हणून. मोर्चा पटत नाही, ही गोष्ट वेगळी. कागदाची शिस्त सगळ्यांना असावी.

९ फेब्रुवारी, रविवार

शहरात पंधरा दिवसांची जमावबंदी लागली आहे. ती संपली की पुढची पंधरा दिवसांची लागते. हे म्हणतात, हा नेहमीचाच आदेश, त्यात काही विशेष नाही. पाच किंवा जास्त माणसं एकत्र येऊ नयेत.

आज संध्याकाळी आमच्या गल्लीतून वरात गेली. माणसं दोनशे, घोडा एक, आवाज असा की मांडणीतले डबे जागचे हलले. त्याआधी दुपारी कुणा भाऊंच्या वाढदिवसाची मोटारसायकल रॅली. आमचे हे वरातीपुढे उभे राहून रस्ता मोकळा करत होते.

“जमावबंदी आहे ना?” मी विचारलं.

“ती वेगळी.”

“घोड्याची परवानगी घेतली होती का?”

“तू भाकरी कर,” म्हणाले. म्हणजे घेतली नव्हती.

सम्यक आला नाही. कंपनीत काम आहे म्हणाला. आजकाल रविवारी फार काम निघतं त्या कंपनीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार. माघ पौर्णिमा

उपोसथ धरला. विहारात वंदना झाल्यावर मोतीराम काकांना चहा दिला. ऐंशी पार केली त्यांनी. नामांतराच्या वेळी दोनदा आत गेले होते, आणि आता त्यांना ऐकायला कमी येतं, हे ते सोयीनं वापरतात. त्यांना मी हिमानीच्या अर्जाची हकिगत सांगितली, हसायला म्हणून.

ते हसले नाहीत. “आपला अर्ज कधी मंजूर व्हत व्हता गं? तवाबी इचाराधीनच ऱ्हायचा. शांतता बिघडंल म्हणायचे. आम्ही चाललो की बिघडायची, आम्हाला मारलं की नाय बिघडायची.”

“पण काका, हे लोक वेगळे.”

“आम्हाला बी तेच म्हणायचे,” म्हणाले, आणि पुढचं त्यांना ऐकू आलं नाही.

मला ही तुलना आवडली नाही. कुठं समाजाचा लढा आणि कुठं हे. घरी येऊन पुन्हा एकदा पंचशील म्हटलं तरी मन लागेना. उपवासानं पित्त झालं असावं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे तीन दिवसांपासून नीट जेवत नाहीत. रात्रीची भाकरी सकाळी मीच खाते, टाकायची कशी. दर फेब्रुवारीत ह्यांचं हे असंच होतं. गेल्या सालीही असंच झालं होतं, ह्याच दिवसांत. तेव्हाही असल्याच लोकांचा कसला तरी कार्यक्रम होता, बागेजवळ, पंचवीसेक माणसांचा. ह्यांना दोन शिपाई देऊन पाठवलं होतं, रस्त्याच्या पलीकडून लक्ष ठेवा म्हणून. ह्यांनी पलीकडून लक्ष ठेवलं. कुणी पोरं येऊन चालत्या माणसांना बडवून गेली, आणि अहवालात लिहिलं गेलं की कार्यक्रम किरकोळ बाचाबाची वगळता शांततेत पार पडला. त्या दिवशी घरी येऊन हे दोन तास न्हाणीत बसले. ऊन लागलं म्हणाले.

तो आठवडाच वाईट होता. त्याच दिवशी सम्यकची गाडी जालना रोडवर घसरली आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. गाडीला मात्र ओरखडा नाही, कंपनीची गाडी मजबूत असते.

आज जेवताना हे मधेच म्हणाले, “सम्यकचा हात दुखतो का गं अजून?”

“थंडीत दुखतो म्हणतो.”

ताटावरून उठले. वरण अर्धं तसंच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांच्या साहेबांनी शेवटी निर्णय घेतला. नाही म्हणाले. सुटले सगळे.

हे आज ठाण्यातून येताना पत्र घरीच घेऊन आले. बत्तीस वर्षांत सरकारी कागद ह्यांनी कधी घरी आणला नाही. माझं घरपट्टीचं पत्रसुद्धा ठाण्यात विसरतात. आज मात्र ते माझ्या मंडळाच्या हिशोबाच्या वहीवर नीट ठेवलं, पाकीट उघडंच. हात धुता धुता म्हणाले, “उद्या शिवजयंतीचा बंदोबस्त, मी पहाटेच जाणार, रात्री बारापर्यंत काय येत नाय.” मग थोड्या वेळानं, कुणी न विचारता, “ती पोरगी गिरणीच्या वरच राहते ना. भगव्या दरवाजाचं घर.” मी म्हटलं असेल. वयानुसार माणूस मोठ्यानं बोलायला लागतो.

ते झोपल्यावर पत्र वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण पाकीट उघडं होतं. ‘सदर कार्यक्रमास काही अज्ञात इसमांकडून विरोध होऊन कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता असल्याने, तसेच पुरेसे मनुष्यबळ उपलब्ध नसल्याने परवानगी नाकारण्यात येत आहे.’ दोनदा वाचलं. म्हणजे मारणारे येतील, म्हणून मार खाणाऱ्यांनी घरी बसावं. अज्ञात इसमांना मात्र कुठलंच पत्र नाही. पत्ता माहीत नसेल.

असो. नाही तर नाही. माझ्या मते बरंच झालं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी पाहते तो पत्र तिथंच, वहीवर. हे पहाटेच गेलेले. विजेचं बिल असंच विसरतात आणि मग दंड भरायचा मी.

फोन लावला, उचलला नाही. ढोल वाजत असतील. मी विचार केला, नाही म्हणायचं तर वेळेत म्हणावं. पोरीनं बाहेरगावच्या माणसांना बोलावलं असेल, चहा-नाश्त्याचं सांगितलं असेल, फलक रंगवायला दिले असतील. ऐन वेळी कळलं तर सगळा खर्च पाण्यात. नकारानं कुणाचं नुकसान होत नाही, उशिरानं होतं.

म्हणून दुपारी ऊन कलल्यावर गिरणीवर गहू टाकले आणि वर गेले. हिमानी घरीच होती. आणखी तिघी-चौघं फलक रंगवत बसलेली. रंग सांडू नये म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, ते बघून बरं वाटलं. एक उंच बाई उठून मला खुर्ची द्यायला लागली. आवाज पुरुषी, पण कुंकू माझ्यापेक्षा नीट लावलेलं.

हिमानीनं पत्र वाचलं. तिचा चेहरा पडेल म्हणून मी तयारीत होते, पण ती म्हणाली, “मावशी, हे आज दिलंत तुम्ही?”

“आज म्हणजे आजच. झेरॉक्सवर पोच दे. तारीख घाल, वेळ घाल. चार वाजून दहा.”

तिनं सही केली. मग एकदम माझे हात धरले. नकार मिळाल्यावर इतका आनंद झालेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. त्या उंच बाईनं कुणाला तरी फोन लावला आणि वकीलसाहेब, वकीलसाहेब करत गच्चीवर गेली. मी गहू घेऊन आले.

पोच ह्यांच्या खाकी पिशवीत ठेवली. एकही काम वेळेवर होत नाही ह्यांचं माझ्याशिवाय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज भांडी तशीच टाकून लिहायला बसले.

हे सात वाजता आले. बूट न काढता बसले. म्हणाले, त्या लोकांनी काल खंडपीठात अर्ज टाकला आणि आज दुपारी आदेश झाला. अज्ञात इसमांच्या भीतीनं ज्ञात माणसांना रस्ता बंद करता येत नाही. ज्यांच्याकडून गडबड होणार त्यांना आवरा, चालणाऱ्यांना संरक्षण द्या, बंदोबस्त किती लावला ते सोमवारी येऊन सांगा.

“मग त्यात तुमचं काय गेलं?”

“ते पत्र शनिवारी संध्याकाळी सातला द्यायचं व्हतं.”

“का?”

“शनिवारी सातला कोर्ट बंद असतं.”

मला समजायला थोडा वेळ लागला. मी चूल पुसत होते, ती पुसतच राहिले. म्हणजे नाही म्हणायचं, पण ते ऐकून कुठं जाता येणार नाही अशा वेळेला म्हणायचं. दरवेळी असंच करतात म्हणे. लिहून द्यायचं नाहीच, आणि द्यायचं तर दार लागल्यावर. आणि मी बाई चार वाजून दहा मिनिटांची पोच घेऊन आले.

साहेबांनी ह्यांना उभं करून विचारलं. मेमो दिला आहे. मे महिन्यात हे रिटायर होतात. पेन्शनचे कागद त्याच साहेबांच्या सहीनं जायचे. मी म्हटलं, चुकलं माझं, मी उद्या साहेबांकडे येते आणि सांगते की मी दिलं, ह्यांना काही माहीत नव्हतं. खोटं तर बोलायचं नाहीच.

“तू कुठं जाऊ नको.”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“सांगितलं, पत्र द्यायचं व्हतं, दिलं. कागद घरी विसरला व्हता.”

“बत्तीस वर्षांत एकदा विसरलात आणि तेही नेमकं हेच पत्र.”

“व्हय,” म्हणाले. आणि दोन भाकरी मागून घेऊन खाल्ल्या. वर ताकही मागितलं. मेमो मिळाल्यावर ह्या माणसाला भूक लागते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गेल्या सालची तारीख, बाग, प्लास्टर, ओरखडा नसलेली गाडी. हिशोब ठेवणाऱ्या बाईला दोन रकमा शेजारी शेजारी लिहिलेल्या दिसू नयेत, ह्याला काय म्हणावं. मी वर्षभर त्या पोराला गाडी सांभाळून चालव म्हणून सांगत होते.

हे बंदोबस्ताच्या बैठकीला गेल्यावर सम्यकला फोन केला.

“उद्या जेवायला येतोस?”

“उद्या नाही जमणार आई. काम आहे.”

“कंपनीत?”

मागं शंतनूचा आवाज आला, सांग ना रे, असा काहीतरी.

“क्रांती चौकात आहे.”

पाच हजार गोष्टी विचारायच्या होत्या, आणि ज्यांचे बायोडाटे त्याला दाखवायला आणून ठेवले होते त्या तीन मुलींकडच्यांना काय सांगायचं तेही होतं.

“पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल,” मी म्हटलं. “ऊन आहे.”

तो हसला की रडला ते फोनवर कळलं नाही.

मला अजून पटलेलं नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच मला फसवायला नको. पण पटणं न पटणं हा माझा प्रश्न, त्यासाठी माझ्या पोराचं हाड कुणी मोडायचं, असं मी कुठं लिहून दिलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

वंदना करून मी निघाले. पोळीभाजी डब्यात घेतली, ह्यांना द्यायची म्हणून. बंदोबस्तावर सरकारी जेवण मिळतं हे मला माहीत आहे.

क्रांती चौकात मनुष्यबळ एवढं होतं की चालणारे शोधावे लागले. पाच दिवसांपूर्वी जे लेखी ‘उपलब्ध नव्हतं’ ते एका रात्रीत कुठून उगवलं, कोण जाणे. साठेक पोलीस, दोन गाड्या, वाहतूकवाले वेगळे. झोन ऑफिसचा माणूस पाण्याचा टँकर घेऊन हजर. अग्निशमनची गाडीसुद्धा आली होती. कुणी पेटलं नाही.

रस्त्यापलीकडे तीस-पस्तीस पोरं घोषणा देत उभी. त्यांचा अर्ज कुठल्या टेबलावर आला होता, त्यांनी कुणाकुणाची ना हरकत आणली होती, हे ह्यांना विचारायचं राहिलं.

मोर्चाच्या दोन्ही बाजूंनी पोलिसांनी जाड दोर धरला होता. हे डाव्या अंगाला, पुढून तिसरे. तोंड बाहेर, त्या पोरांकडे. पाठ मोर्चाकडे. बरोबर पाठीमागं सम्यक चालत होता, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, आणि त्याच्या हातात शंतनूचा हात. तोंडावर रुमाल बांधलेलेही होते काही जण. ह्या दोघांनी बांधला नव्हता. बापलेक एकमेकांकडे बघत नव्हते. जागा मात्र दोघांनी बरोबर निवडली होती.

पलीकडून पाण्याची भरली बाटली आली आणि ह्यांच्या खांद्याला लागली. हे हलले नाहीत. त्या पोरांना म्हणाले, “मागं सरका. वळखतो एकेकाला, घरचे पत्ते हायेत माझ्याकडं.” अज्ञात इसमांचे पत्ते निघाले म्हणायचे.

मी दुकानाच्या पायरीवरून खाली उतरले होते, बघायला म्हणून. तेवढ्यात दोर ओढत आणायला लागले. एक महिला शिपाई, पोरसवदा, घामानं थबथबलेली, माझ्यापाशी येऊन थांबली.

“मावशी, आत का बाहेर? मधी नका थांबू, दोर ओढायचा हाय.”

ह्यांनी ऐकलं. मान वळवली नाही, पण दोर धरलेला हात थोडा वर घेतला. माणूस वाकून जाईल एवढा.

मी गेले. गुडघे दुखतात, तरी वाकून गेले.

सम्यक म्हणाला, “आई, तू इथं?”

“पप्पांचा डबा द्यायचा होता,” मी म्हटलं. खोटं न बोलण्याचं एक शील मोडलं. संध्याकाळी परत घेतलं.

हिमानीनं हातात कागदी झेंडा दिला. मला घोषणा येत नाहीत, मी नुसती चालले. त्या उंच बाईनं गुलमंडीपर्यंत माझ्या डोक्यावर छत्री धरली. तिचं नाव अमृता. कुंकू कुठून घेते ते सांगितलं.

संध्याकाळी चौघं जेवलो. शंतनूनं दुसऱ्यांदा भात घेतला, मी विचारायच्या आत. घरचा झाल्यासारखा. सम्यकच्या ताटात मी तूप जास्त वाढलं तर तो म्हणाला, “पुरे आई.” ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, “गेल्या साली मी पलीकडंच उभा व्हतो.” सम्यक म्हणाला, “माहीत आहे पप्पा. दिसला होतात.” ह्यांनी डोळे पुसले नाहीत, पण चष्मा पुसला, बराच वेळ. मी आत जाऊन ताक आणलं. कुणी मागितलं नव्हतं.

नंतर हे टेबलाशी अहवाल लिहायला बसले. साहेबांना उद्या खंडपीठात द्यायचा आहे. मार्ग, वेळ, बंदोबस्त, सहभागी. हिमानीच्या यादीप्रमाणे ब्याऐंशी माणसं. आकडा लिहून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“तुला कशात धरू? सहभागी, का बघे?”

“दोर तुमच्या हातात होता,” मी म्हटलं. “मी कुठल्या बाजूला होते ते तुम्हीच लिहा.”

ह्यांनी दोनाचा आकडा खोडून तीन केला. आणि खाडाखोडीशेजारी सही केली, नियमाप्रमाणे.